अनलॉक फोनमध्ये परदेशातलं सिम चालत नाही? या क्रमाने तपासा

फोन अनलॉक आहे, सिम त्याच देशातलं आहे, रिचार्जही झालाय, तरी वरच्या पट्टीत ‘नो सर्व्हिस’. किंवा इंटरनेट सुसाट चालतंय आणि साधा कॉल लागत नाही. देश बदलणाऱ्या लोकांचे फोन नव्या सिमवर लावून देण्याचं काम मी सतत करतो, आणि तक्रारी फिरून फिरून याच असतात. बहुतेक वेळा दोष एखाद्या सेटिंगमध्ये असतो आणि पैसा न खर्च करता निघतो. वाईट याचं वाटतं की तिथवर पोहोचण्याआधीच माणसं घाबरून फोन फॅक्टरी रिसेट करतात, ई-सिम (फोनमध्येच उतरवलेलं, कार्ड नसलेलं सिम) पुसून टाकतात, नाहीतर कुणा अनोळखी माणसाला ‘नेटवर्क उघडून देतो’ म्हणून पैसे देतात.

अनलॉक केल्याने एकच अडथळा जातो: फोन दुसऱ्या कंपनीचं सिम नाकारत नाही. त्यापुढे सिम चालू झालेलं असावं लागतं, त्या कंपनीचे फ्रीक्वेन्सी बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) फोनला पकडता यावे लागतात, कंपनीने तो फोन स्वीकारावा लागतो आणि कॉल कोणत्या तंत्राने जायचा यावर दोघांचं जुळावं लागतं. यातलं काय अडलंय हे लक्षणांवरून बरंचसं कळतं, म्हणून आधी लक्षण नीट बघा.

लक्षणं

- ‘सिम नॉट व्हॅलिड’, ‘सिम नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो किंवा फोन अनलॉक कोड मागतो: लॉक अजून आहे. थेट तपासणी ३ कडे जा.
- ‘नो सर्व्हिस’ किंवा ‘फक्त इमर्जन्सी कॉल’: सिम चालू नाही, नेटवर्क चुकीचं निवडलंय, बँड जुळत नाहीत किंवा फोन नाकारला गेलाय. इथे १ पासून क्रमाने जावं लागतं.
- नेटवर्कच्या काड्या भरपूर, पण इंटरनेट शून्य: जवळजवळ नेहमी एपीएन (इंटरनेटचा पत्ता) किंवा डेटा रोमिंग (दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरचं इंटरनेट). तपासणी ४ आणि ५.
- इंटरनेट उत्तम, कॉल लगेच तुटतो किंवा लागतच नाही: व्होल्टे (४जीवरून आवाज नेणारं तंत्र). तपासणी ६.
- शहरात ठीक, शहराबाहेर किंवा इमारतीच्या आत गेलं की गायब: बँड. तपासणी ७.
- काही आठवडे सुरळीत चालून एके दिवशी सगळंच बंद: फोनची नोंदणी. तपासणी ८.

१. फोन पूर्ण बंद करून चालू करा

एअरप्लेन मोड चालू-बंद करणं पुरेसं नाही, फोन खरोखर बंद करा. नवं सिम कंपनीच्या यादीत चढण्याआधीच फोनमध्ये घातलं, तर नेटवर्क त्याला नकार देतं. ठरावीक प्रकारचा नकार मिळाला की फोन बंद होईपर्यंत किंवा सिम काढून पुन्हा घालेपर्यंत फोन ते सिम निकामी धरतो आणि प्रयत्न करायचंच सोडतो. नंतर सिम चालू झालं तरी फोनला ते कळत नाही. नव्या देशात फोनला सगळे बँड पहिल्यांदा धुंडाळायचे असतात, म्हणून चालू केल्यावर थोडी मिनिटं त्याला हातही लावू नका.

२. सिमांची अदलाबदल

तुमचं सिम दुसऱ्या चालत्या फोनमध्ये घाला आणि दुसऱ्याचं त्याच कंपनीचं चालतं सिम तुमच्या फोनमध्ये घाला. या एका चाचणीने निम्मा गोंधळ मिटतो, आणि तरीही लोक ती सगळ्यात शेवटी करतात. तुमचं सिम दुसरीकडेही बंदच असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये हात घालू नका. अनेक देशांत ओळखपत्राची पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय सिम चालू होत नाही, आणि ते काम कंपनीच करू शकते. दुसऱ्याचं चालतं सिम तुमच्या फोनमध्ये मेलं, तर दोष फोनकडचा आहे, पुढे चला.

ई-सिमची अशी अदलाबदल होत नाही. त्याबाबत एकच कळकळीची सूचना: ई-सिम काढून पुन्हा घालून बघू नका. बरेच क्यूआर कोड एकदाच चालतात. प्रोफाइल पुसलं की तो कोड वाया जातो आणि नवा मिळवायला पुन्हा कंपनीच्या मागे लागावं लागतं, तेही इंटरनेट नसताना. ई-सिमची लाइन सेटिंगमधून नुसती बंद करून पुन्हा चालू करा, तेवढं पुरतं.

पिन विचारला आणि आठवत नसेल तर अंदाज मारू नका. तीन चुकांनंतर सिम पीयूके मागतं. हा आठ अंकी कोड दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद होतं. पीयूके कंपनीकडून मोफत मिळतो.

३. लॉक खरंच निघालंय का?

विकणाऱ्याचा शब्द पुरावा म्हणून धरू नका. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट या वाटेने गेलं की खाली ‘कॅरिअर लॉक’ दिसतं. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. अँड्रॉइडवर सगळ्या फोनमध्ये अशी जागा नसते, तिथे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं हीच खरी कसोटी.

फोन कुठून आणि कधी घेतला हेही इथे उपयोगी पडतं. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून, जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांनी लॉक केलेले फोन विकणं नियमाने थांबवलं आहे. तिथे त्यानंतर नवा घेतलेला फोन असेल तर लॉकवर संशय कमी ठेवा. अमेरिकेत मात्र हप्त्यावर घेतलेला फोन हप्ते फिटेपर्यंत लॉक असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

लॉक निघालेलं नसेल तर इथेच थांबा. ते काढण्याचा अधिकार ज्या कंपनीने फोन विकला तिच्याकडेच असतो. तिच्याकडे रीतसर अर्ज करा.

४. लाइन, रोमिंग आणि नेटवर्कची निवड

दोन सिमांच्या फोनमध्ये डेटा एका लाइनवर आणि कॉल दुसऱ्या लाइनवर लागलेले असतात आणि लक्षात येत नाही. तपास चालू असेपर्यंत घरचं सिम तात्पुरतं बंद करा, म्हणजे कोणती लाइन काय करतेय हे स्वच्छ दिसतं. थोड्या जुन्या फोनांत दुसऱ्या खाचेत फक्त २जी किंवा ३जी चालतं, म्हणून सिम पहिल्या खाचेत घालून बघा.

प्रवासासाठी घेतलेल्या ई-सिमचा घोटाळा वेगळा आहे. लोक पैसे वाचवायला डेटा रोमिंग बंद ठेवतात, आणि घरच्या सिमसाठी ते अगदी बरोबर आहे. पण प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि तुम्ही जिथे आहात तिथे ते पाहुणं म्हणूनच चालतं. त्याच्या लाइनवर डेटा रोमिंग चालू नसेल तर काड्या दिसतील आणि एक पानही उघडणार नाही. म्हणून घरच्या सिमचं रोमिंग बंद, प्रवासी ई-सिमचं चालू. हे स्विच प्रत्येक लाइनला वेगळं असतं.

आता नेटवर्क ऑपरेटरची निवड ‘ऑटोमॅटिक’वर आहे का बघा. मागच्या देशात ती हाताने केलेली असेल, तर फोन इथे नसलेलं नेटवर्क शोधत बसतो. ऑटोमॅटिक असूनही सेवा नसेल तर उलट करा: यादी येऊ द्या आणि आपल्या कंपनीचं, किंवा रोमिंगमध्ये तिच्या भागीदार कंपनीचं नाव हाताने निवडा. याला कारण आहे. रोमिंगमध्ये एखाद्या नेटवर्कने एकदा नकार दिला की त्याचं नाव सिमवरच्या वर्ज्य यादीत जातं आणि फोन आपणहून पुन्हा तिकडे फिरकत नाही, बंद करून चालू केला तरी. हाताने निवडून जोडणी झाली की ते नाव यादीतून निघतं. काम झालं की निवड पुन्हा ऑटोमॅटिकवर ठेवा.

नेटवर्कच्या प्रकारात ‘फक्त ३जी’ वगैरे काही राहून गेलं असेल तर तेही सोडवा.

५. एपीएन

फोनला इंटरनेटच्या दारापर्यंत नेणारा पत्ता म्हणजे एपीएन. मोठ्या कंपन्यांचा पत्ता फोन सिम ओळखून आपोआप भरतो. दुसऱ्याच्या टॉवरवर सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्यांचा मात्र अनेकदा भरला जात नाही, कारण फोन त्यांचं सिम मूळ मोठ्या कंपनीचं समजतो आणि तिचाच पत्ता लावतो.

कंपनीच्या संकेतस्थळावरून एपीएन उतरवून घ्या आणि नवी नोंद करा. ‘नाव’ या रकान्यात काहीही चालतं, ‘एपीएन’ या रकान्यात एक अक्षरही इकडचं तिकडे चालत नाही. एमसीसी आणि एमएनसी हे आकडे देश आणि कंपनी सांगतात, भारताचे एमसीसी ४०४ आणि ४०५, ऑस्ट्रेलियाचा ५०५, जपानचे ४४० आणि ४४१. फोनने स्वतः भरलेले हे आकडे बदलू नका, बदलले तर जतन केलेली नोंद यादीतूनच नाहीशी होते आणि माणूस ती शोधत राहतो. शेवटी नव्या नोंदीसमोरचा गोल निवडायला विसरू नका.

आयफोनवर एक जास्तीची जागा बघा. आधीच्या देशातल्या कंपनीने एपीएनसाठी प्रोफाइल बसवायला लावलं असेल, तर ते सिम बदलल्यावरही तसंच राहतं आणि नव्या कंपनीच्या पत्त्यावर कुरघोडी करतं. ‘व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट’मध्ये जाऊन जुनं प्रोफाइल काढा. व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएससुद्धा थोडा वेळ बंद करून बघा.

६. इंटरनेट आहे, कॉल नाही

सध्या सगळ्यात जास्त मनस्ताप याच दोषाने होतो. आधी सोपं: नंबर + आणि देशाच्या कोडसह जतन केलाय का? नुसता दहा आकडी नंबर लावला तर तिथलं नेटवर्क तो स्थानिक समजतं.

नंबर बरोबर असेल तर व्होल्टेकडे वळा. ४जीचं जाळं मुळात डेटासाठी बांधलेलं आहे. त्यावरून आवाज न्यायचा तर व्होल्टे हे वेगळं तंत्र फोन आणि कंपनी दोघांनी एकमेकांशी जुळवलेलं लागतं. ते जुळलं नाही की फोन कॉलच्या वेळी खाली उतरून ३जी किंवा २जीवर जातो. वर्षानुवर्षं हा पाठीमागचा रस्ता उघडा होता, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. आता एकेका देशात तो बंद होतोय. अमेरिकेत तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात २जी आधीच गेलं होतं आणि ३जी २०२४ मध्ये संपलं. भारतात जिओकडे २०१६ ला सेवा सुरू झाल्यापासून २जी किंवा ३जी कधी नव्हतंच.

म्हणून तोच फोन एका देशात चालतो आणि दुसऱ्या देशात मुका होतो. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये गेलं, पण २जी राहिलं. तिथे व्होल्टे न जुळलेला फोन कॉलच्या वेळी २जीवर उतरतो, कॉल होतो, फक्त तेवढा वेळ इंटरनेट अडखळतं. तोच फोन ऑस्ट्रेलियात नेला तर उतरायला पायरीच नाही. तिथे तर ४जीवरून ००० हा आणीबाणीचा क्रमांक लावता न येणारे फोन नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत असं बंधन २०२४ पासून कंपन्यांवर आहे. नियम कडक वाटेल, पण अपघाताच्या वेळी ज्यावरून मदत मागता येत नाही तो फोन खिशात असणं धोक्याचंच आहे.

काय करायचं ते असं. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘व्होल्टे’ किंवा ‘४जी कॉलिंग’ हे स्विच शोधा आणि चालू करा. आयफोनवर अबाउटच्या पानावर थोडं थांबा, कॅरिअर सेटिंग्जचं अपडेट असेल तर विचारणा येते, ते स्वीकारा. अँड्रॉइडवर सगळी अपडेट घ्या, कारण कोणत्या कंपनीवर व्होल्टे चालवायचं याची यादी फोन बनवणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असते आणि ती अपडेटसोबत वाढते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर *#*#४६३६#*#* दाबलं की फोनच्या माहितीचं पान उघडतं, तिथे आयएमएस स्टेटस बघा, व्होल्टेचे कॉल याच यंत्रणेवरून जातात. ‘नॉट रजिस्टर्ड’ असेल तर व्होल्टे जुळलेलं नाही हे नक्की.

स्विच दिसतच नसेल, तर बहुधा त्या कंपनीने तुमचं मॉडेल मंजूर केलेलं नाही. काही कंपन्या, उदाहरणार्थ अमेरिकेतली एटी अँड टी, चालणाऱ्या मॉडेलांची यादीच प्रसिद्ध करतात. इथे फोनशी झगडून उपयोग नाही. यादीत बघा, आणि मॉडेल नसेल तर त्याच देशातल्या दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. तोवर वाय-फाय कॉलिंग मिळालं तर घ्या. आणीबाणीचा नंबर लावून ‘चाचणी’ मात्र कधीही करू नका, तुमचा फोन उचलणारी व्यक्ती त्या क्षणी खऱ्या गरजवंतापासून अडकते.

एसएमएस येतात पण जात नाहीत अशी तक्रार असेल, तर त्याच माहितीच्या पानावर मेसेज सेंटरचा नंबर बघा. तो रिकामा किंवा मागच्या कंपनीचा असेल तर नव्या कंपनीला विचारून बदला.

७. बँड: इथे फोनचं शरीरच आडवं येतं

वरचं सगळं सेटिंगचं होतं. बँड हे फोनच्या आतल्या रेडिओचं काम आहे, आणि जो बँड पकडायला फोन बनलेला नाही तो कोणतंही सेटिंग पकडून देत नाही.

२जीच्या काळात हिशेब सोपा होता: युरोप, आशिया, आफ्रिकेत ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ, अमेरिका खंडांत ८५० आणि १९००. ४जीमध्ये बँडांना क्रमांक आहेत आणि देशागणिक मिश्रण वेगळं. बँड ३, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठिकाणी सर्रास भेटतो. पण दूरवर आणि भिंतींमधून पोहोचतात त्या कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी, आणि त्यांचेच बँड सगळीकडे वेगळे आहेत. युरोपात २०, ऑस्ट्रेलियात २८, अमेरिकेत १२, १३ आणि ७१, जपानमध्ये डोकोमोचा १९ तर केडीडीआयचा १८. शहरात चालणारा फोन गावाकडे मरतो तो यामुळे. मधल्या बँडवर शहर निभावतं, आणि बाहेर जिथे फक्त कमी फ्रीक्वेन्सीचा टॉवर आहे तिथे फोनला काही ऐकूच येत नाही.

तपासायचं तर फोनचं बाजारातलं नाव सोडा आणि मॉडेल क्रमांक बघा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या भूभागांसाठी वेगळ्या रेडिओसह विकला जातो. बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाचे बँड सापडतात, ते कंपनीच्या बँडांशी ताडून बघा. कमी फ्रीक्वेन्सीचा निदान एक बँड जुळायला हवा, असा माझा आग्रह असतो. याच वेळी सिमची जागाही बघून घ्या: अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनांना सिमची खाचच नाही, तिथे ई-सिमच लागतं.

बँड जुळत नसतील तर थांबा. दुसऱ्या प्रदेशाचं सॉफ्टवेअर चढवणं, फोन रूट करून (सिस्टिमचा पूर्ण ताबा घेऊन) बँड ‘उघडणं’ असले उपाय सुचवले जातात. त्याने रेडिओ बदलत नाही, फोन मात्र कायमचा बंद पडू शकतो. शहरातच राहणार असाल तर आहे त्यावर भागेल, नाहीतर त्या देशात चालणारा साधा फोन किंवा पॉकेट हॉटस्पॉट घ्या आणि आपला फोन वाय-फायवर ठेवा.

८. आयएमईआय: फोन नाकारला गेलाय का?

*#०६# दाबलं की पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. काही देश बाहेरून आलेल्या फोनची नोंदणी मागतात. तुर्कस्तानात परदेशातून आणलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवस चालतो, पुढे शुल्क भरून नोंदणी केली नाही तर बंद होतो. पाकिस्तान आणि इंडोनेशियातही अशी व्यवस्था आहे. याची खूण पक्की आहे: स्थानिक सिम मेलेलं, पण घरचं सिम रोमिंगवर त्याच फोनमध्ये चालू. असं दिसलं की सेटिंगचा नाद सोडा आणि त्या देशाच्या सरकारी पोर्टलवर किंवा कस्टममध्ये नोंदणीची चौकशी करा.

जुना फोन विकत घेतला असेल आणि कोणतंच सिम चालत नसेल, तर तो चोरीचा म्हणून काळ्या यादीत असू शकतो. तो विकणाऱ्याला परत करा. आयएमईआय बदलून देणाऱ्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ब्रिटनमध्ये २००२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, भारतात २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही. अडकणार तुम्ही, तेही परक्या देशात.

९. नेटवर्क सेटिंग रिसेट, आणि त्यापुढे थांबा

एवढं करून काही हाती लागलं नसेल तर फक्त नेटवर्क सेटिंग रिसेट करा. फोटो आणि संदेश शाबूत राहतात, वाय-फायचे पासवर्ड आणि हाताने भरलेला एपीएन जातो, म्हणून ते आधी लिहून ठेवा. ई-सिम पुसायचा पर्याय समोर आला तर त्यावर खूण करू नका. फॅक्टरी रिसेटची शिफारस मी करत नाही. नेटवर्कशी संबंधित जे काही पुसायचं ते या छोट्या रिसेटने पुसलेलं असतं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर फोन अधिकृत सेवा केंद्रात न्या. *#०६# दाबल्यावर आकड्यांच्या जागी रिकामं किंवा नुसती शून्यं, माहितीच्या पानावर बेसबँड (मॉडेमचं सॉफ्टवेअर) ‘अननोन’, कोणत्याही कंपनीचं सिम घातलं तरी ‘नो सिम’, किंवा फोन पडल्यावर, भिजल्यावर सुरू झालेला त्रास. हे मॉडेम, अँटेना किंवा सिमच्या खाचेचे बिघाड आहेत.

सगळी चिन्हं कंपनीकडे बोट दाखवत असतील तर ग्राहक सेवेला फोन करण्याआधी मॉडेल क्रमांक, आयएमईआय, सिमवर छापलेला लांब क्रमांक, दिसणारा संदेश शब्दशः आणि अदलाबदलीच्या चाचणीचा निकाल कागदावर लिहून ठेवा. ‘माझं सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतं, तुमच्याच कंपनीचं दुसरं सिम माझ्या फोनमध्ये चालत नाही, डेटा आहे, आयएमएस रजिस्टर होत नाही’ एवढं सांगितलं की ‘बंद करून चालू करा’ची पायरी वगळून तक्रार सरळ तांत्रिक विभागाकडे पाठवायला सांगा, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.